वाक्य अडखळतंय, पण सूर फॉर्मलच हवाय? मग असं करा

पत्र लिहायला बसलं की एखादं वाक्य हमखास असं येतं की व्याकरण चुकलेलं नसतं, शब्दही सगळे नीट असतात, पण वाचताना जीभ अडखळते आणि शेवटापर्यंत पोचताना सुरुवात काय होती तेच डोक्यातून गेलेलं असतं. मग आपण काय करतो, तर एखादा शब्द बदलतो. "बाबत"चं "संदर्भात" करतो, "कळवणे"चं "अवगत करणे" करतो, आणि वाक्य अजून जड होऊन बसतं. किंवा मग वैतागून एकदम बोलल्यासारखं लिहून टाकतो आणि वरिष्ठांना जाणाऱ्या पत्रात "काम झालं नाहीये अजून" असं काहीतरी राहून जातं. दोन्ही नको.

मला रोज दुसऱ्यांचे ड्राफ्ट तपासायला लागतात, अर्ज, उत्तरं, नोटिसा, अहवाल, सगळंच, आणि त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झालीये की फॉर्मल सूर वाक्यात फार थोड्या जागी राहतो. क्रियापदाच्या शेवटाला, समोरच्याला जे संबोधन करतो त्यात, आणि "पण", "म्हणून", "अजून" असल्या दोनचार छोट्या शब्दांत. एवढ्या जागा सांभाळल्या की बाकीचं वाक्य कितीही सरळ केलं तरी सूर हलत नाही. म्हणून माझी पद्धत अशी, की आधी वाक्य बोलण्यात उलगडायचं, आणि मग फक्त त्या जागांवर परत फॉर्मल रूप चढवायचं.

एक वाक्य घेऊन सगळं करून बघू. हे असं वाक्य मी अक्षरशः शेकड्यांनी वाचलंय:

"सदर प्रकल्पाच्या कामामध्ये झालेल्या विलंबाच्या संदर्भात आपणास कळविण्यात येते की, साहित्याच्या पुरवठ्यामध्ये झालेल्या उशिराच्या कारणामुळे काम विहित मुदतीमध्ये पूर्ण होऊ न शकल्याने ते पुढील महिन्यामध्ये पूर्ण करण्यात येण्याची शक्यता नाकारता येत नाही."

हे कोणी माझ्याकडे आणलं की मी कागद उलटा ठेवायला सांगते आणि विचारते, बरं, नक्की म्हणायचंय काय? आणि दर वेळी तोंडून एकदम स्वच्छ मराठी येतं. "सामान उशिरा आलं म्हणून काम वेळेत झालं नाही, पुढच्या महिन्यात होईल." बस. एवढंच म्हणायचं होतं. हे उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या, कारण ह्यात शब्दांचा क्रम आपोआप बरोबर लागलेला असतो, आधी कारण, मग परिणाम, मग पुढे काय. लिहिताना आपण हाच क्रम मोडतो आणि मग "च्या संदर्भात", "च्या कारणामुळे" असल्या टेकूंवर वाक्य उभं करावं लागतं.

आता ह्या बोललेल्या वाक्यावर फॉर्मल रूप चढवू. "सामान"चं "साहित्य", "आलं"चं "मिळाले", "म्हणून"चं "त्यामुळे" किंवा "मिळाल्यामुळे", "वेळेत"चं "मुदतीत", "पुढच्या"चं "पुढील":

"साहित्य उशिरा मिळाल्यामुळे प्रकल्पाचे काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण होऊ शकले नाही. ते पुढील महिन्यात पूर्ण होईल, अशी अपेक्षा आहे."

एका वाक्याची दोन झाली, बत्तीस शब्दांचे एकोणीस झाले, आणि हे पत्र कुठल्याही वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलं तरी कमी फॉर्मल वाटणार नाही. आणि एक गोष्ट बघा, मूळ वाक्यात "शक्यता नाकारता येत नाही" होतं. म्हणजे काम होईल की नाही होणार? वाचणाऱ्याला कळतच नाही. वाक्य उलगडताना असा प्रश्न समोर येतो आणि लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं, "पूर्ण होईल" म्हणायचंय, का "अपेक्षा आहे", का "प्रयत्न सुरू आहेत". ही तिन्ही फॉर्मल आहेत पण तिघांत वचन किती दिलंय ह्यात खूप फरक आहे. अडखळणारं वाक्य बऱ्याचदा ह्यामुळेच अडखळतं, लिहिणाऱ्याने अजून ठरवलेलं नसतं आणि शब्दांच्या गर्दीत ते झाकलं जातं. तसं असेल तर भाषा सुधारून उपयोग नाही, आधी ठरवून घ्या.

बोलीतून परत येताना कोणते शब्द बदलायचे ते एकदा हाताला बसलं की वेळ लागत नाही. "पण" असेल तिथे "मात्र" किंवा "परंतु", "अजून"ला "अद्याप", "लगेच"ला "तातडीने" किंवा "त्वरित", "सांगा"ला "कळवावे", "बघा"ला "पाहावे", "पाठवा"ला "पाठवावे". मराठीत हे "-आवे"वालं रूप म्हणजे मोठी सोय आहे बरं का. "द्यावे", "करावे", "कळवावे" ह्यात आज्ञाही नाही आणि लाचारीही नाही, विनंती आणि अदब दोन्ही त्या एका प्रत्ययात येऊन जातात. त्यामुळे "कृपया आपण मला सदरची परवानगी देण्याची कृपा करावी ही नम्र विनंती" असं तीनतीनदा वाकायची गरज नसते. "कृपया परवानगी द्यावी, ही विनंती" पुरेसं आहे. कृपया आणि कृपा दोन्ही एकाच वाक्यात आले तर एक काढाच.

आणि "केलं, झालं, आलं" हे बोलण्यातलं रूप फॉर्मल लिखाणात "केले, झाले, आले" असं लिहायचं, हे सगळ्यांना माहीत असतं, गडबड होते ती मिसळण्याने. पहिल्या परिच्छेदात "केले", तिसऱ्यात "केलं", मध्येच कुठेतरी "करणेत आले". वाचणाऱ्याला नक्की काय खटकलं हे सांगता येत नाही, पण पत्र घाईत लिहिलंय असं वाटतं. "कळविणे" आणि "कळवणे" ह्यातलं कुठलंही घ्या, दोन्ही चालतात, पण एका पत्रात एकच. "करणेबाबत" मात्र सोडा. अर्जाच्या विषयात "रजा मंजूर करणेबाबत" असं लिहायची सवय खूप जणांना आहे, जुन्या दप्तरी वळणातून ती आलेली आहे, पण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखन-नियमांत एकारान्त नामाचं ("ए"ने संपणाऱ्या नामाचं) सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचं रूप, या-कारान्त करावं असं स्पष्ट आहे, म्हणजे "करण्याबाबत", "मिळण्याबाबत", "देण्यासाठी". हे जास्त फॉर्मलही दिसतं आणि बरोबरही आहे.

आता ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो त्याकडे येऊ, "करण्यात येत आहे". हे वाईट रूप नाहीये, उगाच बदनाम झालंय. कोणी केलं हे महत्त्वाचं नसेल, किंवा नियमच सांगायचा असेल तर ते अगदी योग्य जागी असतं. "मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार करण्यात येणार नाही" ह्या वाक्यात कोण विचार करणार नाही हे कोणालाच नकोय. पण एखादी गोष्ट कोणी करायची हेच सांगायला पत्र लिहिलंय आणि तिथे "कार्यवाही करण्यात यावी" लिहिलं, तर चार जण ते वाचतात आणि चौघांनाही वाटतं की दुसरा करेल. मी एका ठिकाणी होते तिथे नेमकं हेच झालं. सूचनेत लिहिलं होतं "सर्व नोंदी अद्ययावत करण्यात याव्यात", तीन विभागांना एकच प्रत गेली, आणि महिन्याभराने बघितलं तर एकाही विभागाने नोंदीला हात लावलेला नव्हता, प्रत्येकाचं म्हणणं हेच की आम्हाला वाटलं ते दुसरे करतायत. नंतर ते वाक्य "प्रत्येक विभागप्रमुखांनी आपापल्या विभागातील नोंदी १५ तारखेपर्यंत अद्ययावत कराव्यात" असं केलं. सूर तोच राहिला, उलट थोडा वजनदारच झाला, आणि ह्या वेळी कोणी कोणाची वाट बघत बसलं नाही. तेव्हा वाक्य बदलताना स्वतःला विचारायचं, करणारा कोण, आणि तो वाक्यात दिसायला हवाय का? हवा असेल तर "-नी" लावून समोर आणा आणि क्रियापद "-आवे"त ठेवा.

"द्वारे" आणि "मार्फत" ह्यांनाही एकदा तपासा. "समितीद्वारे निर्णय घेण्यात आला" ह्यापेक्षा "समितीने निर्णय घेतला" हे सरळ आणि पूर्ण फॉर्मल आहे. मराठीला "ने" असताना "द्वारे" लागत नाही. "टपालाद्वारे पाठवावे" ठीक आहे, कारण तिथे टपाल हे साधन आहे. आणि "मार्फत" म्हणजे मधला माणूस किंवा मधलं कार्यालय, "विभागप्रमुखांमार्फत अर्ज सादर करावा" ह्यात ते बरोबर बसतं. "कार्यालयामार्फत कळविण्यात येते" ह्यात कार्यालय स्वतःच कळवतंय, मग मार्फत कशाला?

पुढची गोष्ट म्हणजे "च्या"ची माळ. "विभागाच्या प्रमुखांच्या मंजुरीच्या पत्राच्या प्रतीच्या अभावामुळे" असं काहीतरी. एकापाठोपाठ तीन "च्या" आले की थांबायचं, हा माझा नियम आहे, तिसऱ्याला पेन आपोआप थांबतं. माळ तोडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे समास, मराठीत तो छान जमतो, "विभागाचे प्रमुख"चं "विभागप्रमुख", "मंजुरीचे पत्र"चं "मंजुरीपत्र". दुसरा म्हणजे नामात कोंबलेली क्रिया बाहेर काढून तिचं क्रियापद करायचं. "प्रतीच्या अभावामुळे" म्हणजे प्रत जोडलेली नव्हती. मग झालं, "विभागप्रमुखांच्या मंजुरीपत्राची प्रत जोडलेली नसल्यामुळे". एकच "च्या" उरला. पण समासाचाही अतिरेक नको, "विभागप्रमुखमंजुरीपत्रप्रत" असं कोणी लिहिलं तर ते वाचायला पुन्हा तेवढाच वेळ जाणार.

क्रिया बाहेर काढणं ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटते म्हणून थोडं थांबून सांगते. फॉर्मल लिहायचं म्हटलं की आपला हात क्रियापदाकडून नामाकडे जातो. "तपासले"च्या जागी "तपासणी करण्यात आली", "चर्चा केली"च्या जागी "चर्चेचे आयोजन करण्यात आले", "ठरवले"च्या जागी "निर्णयाप्रत येण्यात आले". प्रत्येक वेळी खरी क्रिया नामात जाऊन बसते आणि वाक्याच्या शेवटी "करण्यात आले" नावाचं रिकामं क्रियापद उरतं. मराठीत क्रियापद शेवटाला येतं, वाचणारा त्याची वाट बघत सगळं वाक्य डोक्यात धरून ठेवत असतो, आणि शेवटी हाती काय लागतं तर "करण्यात आले". म्हणून वाक्यातली नामं बघत जा आणि कुठल्या नामाच्या पोटात क्रिया लपलीये ते शोधा. "समितीने सर्व नोंदी तपासल्या आणि पुढील तीन त्रुटी आढळल्या" हे "समितीद्वारे नोंदींची तपासणी करण्यात आली असता त्रुटी निदर्शनास आल्या"पेक्षा कमी फॉर्मल आहे असं मला कोणी दाखवून द्यावं.

क्रियापद शेवटाला येण्याचा अजून एक परिणाम म्हणजे "-लेल्या"ची रांग. मराठीत नामाच्या आधी आपण हवं तेवढं विशेषण लावू शकतो आणि ते व्याकरणाला चालतं, पण वाचणाऱ्याला झेपत नाही. "गेल्या आठवड्यात बैठकीत चर्चा झालेल्या, सर्व सदस्यांनी तत्त्वतः मान्य केलेल्या, परंतु अद्याप लेखी स्वरूपात सादर न करण्यात आलेल्या प्रस्तावाबाबत..." इथे प्रस्ताव हा शब्द यायला अठरा शब्द वाट बघायला लागते. वाचणारा तोवर कशाबद्दल चाललंय हेच शोधत असतो. उपाय सोपा आहे, ज्याबद्दल बोलायचंय ते आधी सांगून टाका: "या प्रस्तावावर गेल्या आठवड्यातील बैठकीत चर्चा झाली आणि सर्व सदस्यांनी तो तत्त्वतः मान्य केला. मात्र तो अद्याप लेखी स्वरूपात सादर झालेला नाही." किंवा "जो... तो" वापरा, "ज्या अर्जदारांनी कागदपत्रे जोडलेली नाहीत, त्यांनी ती आठ दिवसांत सादर करावीत." हे "जे-ते", "ज्या-त्या" काही जणांना बोलीतलं वाटतं म्हणून ते टाळतात, पण ते मराठीतलं पक्कं, जुनं आणि फॉर्मल वळण आहे, नियमांच्या भाषेत तर ह्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही नाही.

शब्दाची जागा चुकली की वाक्य नुसतं अडखळत नाही, अर्थच बदलतो. "फक्त" हा शब्द घ्या.

"फक्त सोमवारी अर्ज स्वीकारले जातील." म्हणजे बाकीच्या दिवशी नाही.

"सोमवारी फक्त अर्ज स्वीकारले जातील." म्हणजे सोमवारी दुसरं कुठलंच काम होणार नाही.

"फक्त" ज्या शब्दाला लागू करायचाय त्याच्या लगेच आधी ठेवा, आणि "च" आणि "ही" ज्याला चिकटवायचेत त्यालाच चिकटवा, "अर्जदारानेही सही करावी" आणि "अर्जदाराने सहीही करावी" ह्यात फरक आहे. विशेषणांचंही तेच. "नवीन कर्मचाऱ्यांची यादी" ह्यात नवीन काय आहे, कर्मचारी का यादी? यादी नवीन असेल तर "कर्मचाऱ्यांची नवीन यादी" लिहा, आणि कर्मचारी नवीन असतील तर "नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांची यादी" करा, मग प्रश्नच उरत नाही.

आणि आता "आपण". फॉर्मल मराठीचा हा सगळ्यात आवडता शब्द, आणि सगळ्यात जास्त घोटाळाही ह्याचाच, कारण मराठीत "आपण" म्हणजे आदरार्थी तुम्ही पण, आणि तुम्ही-आम्ही मिळून आपण पण. "आपण हा निर्णय बैठकीत घेतला होता" असं पत्रात लिहिलं तर तो निर्णय पत्र वाचणाऱ्याने घेतला, का दोघांनी मिळून? जबाबदारीचा विषय असेल तर हे फार महाग पडू शकतं. मी अशा ठिकाणी "आपण" काढूनच टाकते आणि नाव किंवा पद घालते, "आपल्या विभागाने हा निर्णय घेतला होता" किंवा "दोन्ही विभागांनी मिळून हा निर्णय घेतला होता". बाकी "आपण यावे", "आपण पाठवलेले पत्र मिळाले" अशा वाक्यांत क्रियेवरूनच अर्थ कळतो, तिथे काही अडचण नाही. फक्त एकदा "आपण" धरलंत की शेवटपर्यंत धरा, मध्येच "तुम्ही" आणि "तुमच्या" आलं की सूर लगेच तुटतो. स्वतःच्या बाजूला "आम्ही" धरायचं का "मी", हेही आधीच ठरवा. संस्थेच्या वतीने लिहिताना "आम्ही", स्वतःचा अर्ज असेल तर "मी", आणि स्वतःच्या अर्जात "आम्ही" लिहू नये, ते उगाच मोठं वाटतं.

ह्याचाच भाऊ म्हणजे "त्यांचा". "अध्यक्षांनी सचिवांना त्यांच्या कार्यालयात भेटण्यास सांगितले." कोणाच्या कार्यालयात? आदरार्थी बहुवचनामुळे मराठीत दोघंही "त्यांच्या"च असतात. अशा वेळी सर्वनाम सोडून सरळ पद पुन्हा लिहा, "अध्यक्षांनी सचिवांना अध्यक्षांच्या कार्यालयात भेटण्यास सांगितले" हे कानाला बरं वाटत नसेल तर वाक्य फिरवा: "अध्यक्षांच्या कार्यालयात येऊन भेटावे, असे त्यांनी सचिवांना सांगितले." शाळेत शिकवलेलं असतं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, ते निबंधाला ठीक आहे, पण कामाच्या पत्रात तोच शब्द पुन्हा आला तर काही बिघडत नाही. एकदा "अहवाल" म्हणालात तर पुढे "अहवाल"च म्हणा. पुढच्या ओळीत "प्रतिवेदन" आणि त्याच्या पुढे "दस्तऐवज" केलंत तर वाचणाऱ्याला वाटेल तीन वेगळे कागद आहेत.

"की" आणि "असे" हाही छोटासा पण रोजचा प्रश्न. "आपणास कळविण्यात येते की, बैठक रद्द झाली आहे असे सांगण्यात येत आहे" अशी वाक्यं मी पाहिलीत, दोन्ही टोकांना सांगायचं क्रियापद. एकच ठेवा. निरोप छोटा असेल तर तो आधी द्या आणि शेवटी "असे" लावा, "बैठक रद्द झाली आहे, असे कळवण्यात येत आहे", किंवा खरं तर नुसतं "बैठक रद्द झाली आहे" म्हटलं तरी चालतं, पत्र पाठवलंय म्हणजे कळवलंच की. निरोप लांब असेल तर "की" पुढे घ्या, म्हणजे वाचणाऱ्याला दिशा कळते आणि मग त्याला लांब वाक्य वाचायला जड जात नाही. पत्राच्या पहिल्या वाक्यात सगळी पार्श्वभूमी भरायची सवय असेल तर तीही मोडा, संदर्भ क्रमांक आणि तारीख वरच्या "संदर्भ" ओळीत गेली की वाक्यात "उपरोक्त संदर्भाधीन पत्रान्वये" लिहावं लागत नाही, "आपले पत्र मिळाले" एवढ्यावर काम भागतं.

आता शब्दांबद्दल, कारण खूप जणांचा समज असतो की फॉर्मल म्हणजे संस्कृत. तसं बिलकुल नाही. अर्ज, मंजूर, मुदत, रक्कम, तक्रार, हरकत, खुलासा, शिफारस, दाखला, नमूद, सदर, जबाबदारी, हे सगळे अरबी-फारसीतून मराठीत आलेले शब्द आहेत आणि आपलं सगळं फॉर्मल लिखाण ह्यांच्यावर उभं आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यानंतर शासनाच्या परिभाषेचंही पुष्कळ काम झालं, आणि तरी "अर्ज" आणि "मंजूर" टिकून राहिले कारण ते नेमके आहेत आणि सगळ्यांना कळतात. म्हणून शब्द निवडताना तो किती भारदस्त वाटतो हे बघू नका, वाचणाऱ्याला पहिल्या झटक्यात कळतो का ते बघा. "आपल्या पत्रातील तीन मुद्द्यांवर खुलासा करावा" हे "स्पष्टीकरणात्मक अभिवेदन सादर करावे"पेक्षा नेमकं आहे. इंग्रजी शब्दांचंही तसंच, "संगणक" रुळलाय तर तो वापरा, "ईमेल" रुळलाय तर "विद्युत टपाल" करत बसू नका.

"सदर" वापरायला हरकत नाही पण वाक्यागणिक नको. बहुतेक ठिकाणी "हा, ही, हे, या" ह्यांनी काम होतं. "सदर अर्जामध्ये सदर बाब सदर व्यक्तीने" असं वाचलं की मी तिन्ही काढून बघते, आणि दहातल्या नऊ वेळा काही बिघडत नाही.

दुहेरी शब्दही असेच काढून टाकायचे. "सुमारे ४० ते ५० च्या दरम्यान", ह्यात सुमारे आणि दरम्यान दोन्ही नकोत, "४० ते ५०" पुरे. "पुन्हा परत", "परंतु तरीदेखील मात्र", "अंतिम मुदतीची शेवटची तारीख", "कारण की... म्हणून". हे लिहिताना लक्षात येत नाही, मोठ्याने वाचलं की लगेच ऐकू येतं.

भाषांतरातून आलेली वाक्यं वेगळी ओळखायला शिका, कारण ती शब्द बदलून सुधारत नाहीत. "मी आपल्याला मदत करण्यास सक्षम असेन", "आम्ही हे लक्षात आणून देऊ इच्छितो की", "आपल्या समजूतदारपणासाठी धन्यवाद". ह्यात एकही शब्द चुकीचा नाही पण मराठीत असं कोणी म्हणत नाही. "सक्षम असणे"च्या जागी "शकणे" आहे, "मला मदत करता येईल" आहे. "समजूतदारपणासाठी धन्यवाद"च्या जागी "आपण सहकार्य कराल, अशी आशा आहे" आहे. हिंदीच्या ओघातही वाक्यं येतात, "माझी मदत करावी" असं, तिथे मराठीत "मला मदत करावी" किंवा अजून फॉर्मल हवं तर "साहाय्य करावे". अशा वाक्याला हात लावायचा तर ते पूर्ण पुसा आणि मघाचीच युक्ती करा, म्हणायचं काय आहे ते समोरच्या माणसाला तोंडी सांगा आणि तिथून परत या. मोबाइलवर किंवा एआयला सांगून ड्राफ्ट काढत असाल तर हे जास्तच लागतं, कारण तिथून येणारी मराठी पुष्कळदा वरवर गुळगुळीत असते आणि आतली रचना इंग्रजीची असते.

नकार देणारं वाक्य लिहिताना सूर सांभाळणं सगळ्यात अवघड जातं. लोक एकतर फार कोरडं लिहितात, "आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे", किंवा इतकं गुळमुळीत की नकार आहे हेच कळत नाही आणि समोरचा महिनाभर वाट बघतो. मी नकार पहिल्या दुसऱ्या वाक्यातच ठेवते, त्याला कारण जोडते, आणि पुढे काही वाट असेल तर ती सांगते. "आवश्यक कागदपत्रे मुदतीत प्राप्त न झाल्यामुळे आपला अर्ज या वेळी मंजूर करता आला नाही. पुढील सत्रासाठी आपण नव्याने अर्ज करू शकता." "करता आला नाही" ह्यात "केला नाही"पेक्षा मऊपणा आहे आणि अर्थ तरी तेवढाच ठाम आहे. मराठीतलं हे "-ता येणे" वळण नकारासाठी फार कामाचं आहे, "देता येणार नाही", "विचारात घेता येत नाही". पण जिथे निर्णय तुम्हीच घेतलाय आणि त्याची जबाबदारी तुमची आहे तिथे ह्याच्या मागे लपू नका, तिथे "समितीने अर्ज नामंजूर केला आहे" असं स्पष्ट लिहा, समोरच्याला ते जास्त मानाचं वाटतं.

वाक्य बदलून झालं की एक काम राहतं आणि ते कोणी करत नाही. जुनं वाक्य आणि नवं वाक्य शेजारी ठेवा आणि जुन्यातली प्रत्येक गोष्ट नव्यात आहे का ते बोट ठेवून बघा. तारीख, आकडा, अट, अपवाद, आणि "पर्यंत", "पासून", "किमान", "कमाल", "वगळून" हे शब्द. वाक्य सोपं करताना हेच गळतात कारण ते छोटे असतात. "१५ तारखेपर्यंत" मधला "पर्यंत" गेला तर मुदतीचा दिवसच बदलला. आणि "पर्यंत" म्हणजे त्या दिवसासकट का त्याच्या आदल्या दिवसापर्यंत असा वाद होण्यासारखा असेल तर "१५ तारखेच्या सायंकाळी ५ वाजेपर्यंत" असं लिहून मोकळं व्हा. नियमातला, करारातला किंवा कायद्यातला शब्द असेल, म्हणजे "हमीदार" किंवा "वारस" असा, तर तो कितीही जड वाटला तरी बदलू नका, त्याच्याभोवतीचं वाक्य सरळ करा.

मग एकदा मोठ्याने वाचा, दुसऱ्या कोणाला तरी वाचायला दिलंत तर अजून चांगलं, आणि त्यांना "कसं वाटलं" असं विचारू नका, "ह्यात तुम्हाला काय करायला सांगितलंय" असं विचारा. उत्तर द्यायला त्यांना कागदाकडे परत बघावं लागलं तर त्या वाक्यावर अजून एकदा बसा.